निरोपातलं नाव

केलेमेन गेला त्या दिवसापासून मला कशाचं काही वाटेनासं झालं. लोकांना वाटलं मी धीराची आहे. शेजारची इलका तर फाटकात उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "एतेल्काचं बघा, डोळ्यांत टिपूस नाही. काय खंबीर बाई आहे." खंबीर कसली आलीय. कोणी ताट पुढे ठेवलं की जेवायची, उचललं की उठायची. कोंबड्यांना दाणे टाकले की नाही ते आठवायचं नाही म्हणून दोनदा टाकायची. कोंबड्या तेवढ्या खूश होत्या. वाईट वाटत नाही याचंही मला वाईट वाटत नव्हतं.

अशात वसंतात पाळकाची निवडणूक आली. तिच्यात मी, माझा मुलगा मार्तोन आणि मेलेला केलेमेन असे तिघंही ओढले गेलो.

आमचे जुने पाळक पेन्शनीवर गेले तेव्हा नवा कसा हवा यावर पंचांची बैठक आमच्याच स्वयंपाकघरात बसली होती. केलेमेन पंच होता आणि त्याची प्लमची दारू गावात नावाजलेली, त्यामुळे चर्चच्या बैठका चर्चमध्ये कमी आणि आमच्याकडे जास्त व्हायच्या.

"आवाज हवा," देझो म्हणाला. देझो म्हणजे मुख्य पंच. "मागच्या बाकावरच्या बहिऱ्यालाही जाग आली पाहिजे."

"त्याला तू एकटा पुरेसा आहेस," केलेमेन म्हणाला. "उपदेश आखूड हवा. घरी सूप गार होता कामा नये."

"पिणारा असावा, पडणारा नसावा," कोपऱ्यातून कोणीतरी बोललं.

"बायको मिसळणारी हवी," मी म्हणाले. मला कोणी विचारलं नव्हतं.

"आणि माणसांची नावं पाठ हवीत," देझो ग्लास पुढे सरकवत म्हणाला. "पाळकाला आपला कळप नावानं माहीत नसेल तर तो कसला पाळक?"

यावर सगळ्यांच्या माना हलल्या. आणि वरून आम्हाला पाठवलं कोणाला, तर बार्नाबाशला. पातळ आवाजाचा, लांब मानेचा, तिशीतला पोरगा. आमच्याकडे रीत अशी की आधी वर्षभर पाळकानं हंगामी काम करायचं, मग मंडळीनं मत टाकून ठेवायचा की नाही ते ठरवायचं. हा पहिल्याच आठवड्यात इलकाला इर्मा म्हणाला. ती सुधारत राहिली, तो चुकत राहिला, शेवटी ती इर्मा म्हटलं तरी ओ द्यायला लागली. एका बारशाला त्यानं बाळाला जवळजवळ आजोबांचंच नाव देऊन टाकलं होतं. गाव पोट धरून हसलं. केलेमेन तर म्हणाला, "याला स्वर्गाच्या दाराशी संत पेत्रानं नाव विचारलं तर तेही दुसऱ्याला विचारून सांगेल."

मग केलेमेनच आजारी पडला. पोटात गाठ होती, उशिरा कळली. बार्नाबाश रोज यायचा. त्याच्याकडून ऐकण्यासारखं काही नसायचं. बायबलमधल्या दोन ओळी वाचायचा आणि बसायचा. केलेमेनला उलटी झाली की तसराळं धरायचा, धुऊन आणायचा, परत बसायचा. मला वाटायचं, याला बोलायला सुचत नाही बिचाऱ्याला.

आता आमच्याकडची मयताची पद्धत सांगायला हवी. शवपेटी अंगणात ठेवतात. पाळक तिच्या उशाशी उभा राहतो आणि मेलेल्याच्या वतीनं, मेलेल्याच्याच तोंडून निरोप घेतो. आधी बायकोचा, मग मुलांचा, मग भावंडांचा, शेजाऱ्यापाजाऱ्यांचा. प्रत्येकाचं नाव घेऊन. ज्याचं नाव आलं तो मान खाली घालतो आणि रडतो. ज्याचं नाव आलं नाही, तो त्या घरचा राहिला नाही. याला कागद लागत नाही की कोर्ट लागत नाही.

आणि आमचा मार्तोन एकुलता एक. ब्राशो शहरात असतो, गाड्या दुरुस्त करतो. आम्ही हंगेरियन, आणि त्यानं लग्न केलं रोमानियन मुलीशी, दोइनाशी. पोरगी चांगली, हाताला चव आहे. लग्नापर्यंत केलेमेननं कसंबसं गिळलं. पण नातवाचा बाप्तिस्मा त्यांच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये झाला, आणि पुढे एकदा ते पोर आमच्या टेबलावर जेवायला बसलं आणि सूप पिण्याआधी त्यानं हातानं छातीवर क्रूस काढला. आमच्या चर्चमध्ये असं कोणी करत नाही. केलेमेननं चमचा खाली ठेवला. "माझ्या घरात हे चालायचं नाही," म्हणाला. पोर चार वर्षांचं. मार्तोननं त्याला उचललं, बायकोला उठवलं आणि निघून गेला. त्यानंतर बापलेकांचं बोलणं बंद. मी चोरून फोन करायची, तोही पुढे पुढे "बरं आहे" एवढंच म्हणायचा.

जाण्याच्या आधी काही दिवस केलेमेननं बार्नाबाशला जवळ बोलावलं. मी पायथ्याशी बसून त्याचे मोजे गुंडाळत होते.

"माझ्या निरोपात त्याचं नाव घ्यायचं नाही," केलेमेन म्हणाला. "शब्द द्या."

बार्नाबाशनं हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाला, "काका, तुम्ही बोलला नाहीत ते मी तुमच्या तोंडी घालणार नाही. एवढा शब्द देतो. पण मन बदललं तर मला बोलवा. कधीही बोलवा, मी पायजम्यात येईन."

"बदलायचं नाही."

"एकदा त्याला भेटा तरी."

"पाळकसाहेब, उपदेश आखूड ठेवा," केलेमेन म्हणाला आणि भिंतीकडे वळला.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. याची तर मेल्यावरही जाणार नव्हती, तशी तजवीजच करून ठेवली त्यानं. मी मोजे गुंडाळत राहिले. तेव्हाही मला काही वाटत नव्हतं, ते सगळं आधीच सुरू झालं होतं.

मयताला मार्तोन आला. दोइना आली, पोर आलं. अंगण भरलं होतं, ते तिघं कुंपणाशी उभे राहिले. बार्नाबाशनं निरोप सुरू केला. त्याच्या पातळ आवाजात केलेमेन बोलतोय हे ऐकायला विचित्र वाटत होतं. "एतेल्का, माझ्या बायको, तुझ्या हातचं पुष्कळ खाल्लं, येतो मी." मी मान खाली घातली. रडायचं असतं ते मला जमलं नाही. आता मुलाचं नाव यायचं. सगळ्या माना कुंपणाकडे वळल्या. आणि बार्नाबाश म्हणाला, "माझ्या बहिणी, युलिश्का."

युलिश्का रडायचीच विसरली.

मार्तोन हलला नाही. दोइनानं पोराचा हात धरला. मला पक्कं कळलं की आमेन झालं की हे तिघं गाडीत बसणार आणि परत या फाटकातून येणार नाहीत. मला कळलं, पण ते दुसऱ्या कोणाचं तरी असल्यासारखं कळलं.

आमेन झालं. बार्नाबाशनं पुस्तक मिटलं आणि तो सगळ्यांसमोरून सरळ कुंपणापर्यंत चालत गेला. "मार्तोन," तो म्हणाला, "तुमचं नाव माझ्याकडून राहिलं. चूक माझी आहे. मला माफ करा."

अंगणात कुजबुज झाली आणि मग एकदम सगळ्यांचे खांदे सैल पडले. अरे हो, हा तर बार्नाबाश. इलकाला इर्मा म्हणणारा. मार्तोन त्याच्याकडे बघत राहिला, मग त्यानं हात पुढे केला. तो मयताच्या जेवणाला थांबला. सूप प्याला, भरलेला कोबी दोनदा घेतला. पोरानं जेवणाआधी क्रूस काढला आणि कोणी काही बोललं नाही. निघताना मार्तोन म्हणाला, "आई, रविवारी फोन करतो." आणि तो दर रविवारी करायला लागला. वसंतात तर एकदोनदा स्वतः आला, बापाच्या थडग्यावर आमच्याकडे दगडाऐवजी असतो तो लाकडी खांब रोवायला.

मला आनंद झाला का? नाही. पण रविवारी मी फोनजवळ बसायला लागले, हे खरं आहे.

तेवढ्यात निवडणूक आली. देझोला त्याच्या बायकोचा भाचा पाळक म्हणून आणायचा होता. त्या भाच्याचा आवाज म्हणे खिडक्या हलवणारा. देझोच्या तोंडात तीळ भिजत नाही. त्यानं घरोघर एकच टकळी लावली: जो पाळक मेलेल्याच्या एकुलत्या एका मुलाला विसरतो, तो उद्या तुमच्याआमच्या पोरांना विसरेल. माझ्याकडेही आला.

"एतेल्कावहिनी, तुमच्या घरची एवढी बेइज्जती केली त्यानं. तुम्ही दोन शब्द बोललात तर निकाल तिथेच लागेल."

"कसले दोन शब्द?"

"जे झालं ते."

"जे झालं ते तुम्हीच सगळीकडे सांगताय की," मी म्हणाले. "माझ्यासाठी काही उरू द्या."

तो गेला. मी बराच वेळ टेबलाशी बसले. खरं सांगितलं तर बार्नाबाश वाचणार होता. पण खरं सांगितलं तर मार्तोनला कळणार होतं की बाप त्याला टाकून गेला, शुद्धीवर असताना, शब्द घेऊन. मग रविवारचा फोन गेला. आणि गप्प बसले तर तो पोरगा माझ्या घरची घाण अंगावर घेऊन गावातून जाणार. हे सगळं मला नीट दिसत होतं. फक्त कुठे दुखत नव्हतं, म्हणून काय करायचं ते ठरवता येत नव्हतं.

शेवटी पाळकाच्या घरी गेले. तो मागच्या बागेत प्लमच्या नव्या रोपांना काठ्या बांधत होता. बांधणं धड जमत नव्हतं.

"पाळकसाहेब, मी रविवारी मतांच्या आधी उठून खरं सांगणार आहे," मी म्हणाले.

"नका सांगू काकू."

"तुम्हाला हाकलतील."

"कदाचित." त्यानं गाठ सोडली आणि परत मारली. "मला जायचं नाहीये. माझ्या बायकोला, नोएमीला, आत्ता कुठे इथे करमायला लागलंय. झोपही लागत नाही मला, खरं सांगायचं तर. पण मला दुसरं गाव मिळेल. मार्तोनला दुसरे वडील कुठून मिळणार?"

"तुम्ही त्याचं नाव घेऊन टाकायचं होतं तेव्हाच. केलेमेन काय उठून भांडणार होता?"

"शब्द दिला होता. मरणारा माणूस माझ्याशी बोलला, ते मी मोडायला लागलो तर उद्या माझ्याशी कोण बोलेल?"

"आणि मग सगळ्यांसमोर माफी मागायची ही कुठली रीत?"

"ती रीत नाही," तो म्हणाला. "मला दुसरं काही सुचलं नाही. ते निघून चालले होते."

मी त्याच्या हातातली दोरी घेतली आणि त्याला गाठ मारून दाखवली. घरी आले ते गप्प बसायचं ठरवून.

त्या रविवारी मार्तोन एकटाच आला होता. उपासना संपल्यावर मंडळी मतांसाठी बसून राहिली. विभागाचे वरिष्ठ पाळक आले होते, त्यांनी बार्नाबाशला रीतीप्रमाणे बाहेर पोर्चमध्ये थांबायला सांगितलं. देझो उठला. त्याचं आवाजाचं बोलून झालं, उपदेशाचं बोलून झालं, मग तो आमच्या अंगणाकडे वळला.

"हा बघा, तो मुलगा इथेच उभा आहे," देझो मागे बोट दाखवत म्हणाला. "विचारा त्याला. सख्ख्या बापाच्या निरोपात ज्याचं नाव पाळक विसरला, त्याला काय वाटलं असेल ते विचारा."

मार्तोन दाराशी भिंतीला टेकून उभा होता. सगळं चर्च वळलं. मी माझ्या हातांकडे बघत होते.

"विचारलंत म्हणून सांगतो, देझोकाका," मार्तोन म्हणाला. "पाळकसाहेब विसरले नाहीत. बाबांनीच मला टाकलं होतं. मरायच्या आधी स्वतः फोन करून सांगितलं मला. म्हणाले, मयताला आलास तरी तुझं नाव कोणी घेणार नाही, मी पाळकाकडून शब्द घेतलाय."

केलेमेननं फोन केला होता. मी अंगणात कपडे वाळत घालत असेन, नाहीतर कोंबड्यांकडे असेन. उठून बसायची ताकद नव्हती त्याच्यात, पाणी मी चमच्यानं पाजत होते, आणि एवढ्यासाठी त्यानं फोन उचलला.

वरिष्ठ पाळकांनी बार्नाबाशला आत बोलावलं. तो दोन बाकांच्या रांगांमध्ये येऊन उभा राहिला. पोर्चमधल्या गारठ्यानं त्याचे कान लाल झाले होते.

"केलेमेनच्या निरोपात मुलाचं नाव का आलं नाही?" वरिष्ठांनी विचारलं.

"माझ्याकडून राहिलं," बार्नाबाश म्हणाला.

"हे म्हणतात की वडिलांनी तसं सांगितलं होतं."

बार्नाबाशनं मार्तोनकडे पाहिलं, मग बायकांच्या बाजूला माझ्याकडे. "ते त्यांचं सांगू शकतात. केलेमेनकाका माझ्याशी काय बोलले ते मी सांगणार नाही. नाव माझ्याकडून राहिलं. मी त्यांची माफी मागितली आहे."

"मत टाकायचं आहे लोकांना. तुम्हाला आणखी काही बोलायचंय?"

"नाही."

"आता तर त्या मुलानंच सांगून टाकलंय सगळं," देझो म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. "आता लपवून काय उपयोग?"

बार्नाबाशनं त्याच्याकडे नुसतं बघितलं. देझो हळूच खाली बसला आणि बसून टोपी चाचपायला लागला. वर्षभरात त्यानंही कधीतरी बार्नाबाशसमोर बसून काहीतरी सांगितलं असणार, ते मला आत्ता कळलं. नुसता देझोच नाही. मी बाकावरून बघत होते, एकेकाचं तोंड बदलत होतं. जो तो आपण काय सांगून बसलोय ते आठवत होता.

"अगं बाई," इलका माझ्या कानात म्हणाली, "माझ्या थोरल्याचं सगळं त्याला माहीत आहे. आणि मी म्हणत होते, याला साधं माझं नाव लक्षात राहत नाही."

बार्नाबाश परत पोर्चमध्ये गेला आणि मतांचे कागद वाटायला सुरुवात झाली. माझ्या हातात कागद आला, पेन्सिल आली. आणि तेव्हा मला राग आला. मेल्या केलेमेन, मी मनात म्हणाले, तुझं तसराळं परक्या पोरानं धुतलं, तुझ्या मोज्यांच्या जोड्या मी लावत बसले, आणि तू मरता मरता पोराला फोन करून हे सांगितलंस. मला त्याच्या थडग्यावर जाऊन ओरडावंसं वाटलं. मला तो हवा होता, समोर, भांडायला. आणि तो नव्हता.

आमच्या चर्चमध्ये बाप्ये एका बाजूला बसतात, बायका दुसऱ्या. माझ्या जन्मापासून मी कोणा बाप्याला आमच्या बाजूला बसलेलं पाहिलं नव्हतं. मार्तोन दारापासून निघाला, सगळ्या बाकांमधून चालत आला आणि माझ्या शेजारी उभा राहिला. इलका सरकली. तो बसला. बाक बायकांच्या मापाचा, त्याचे गुडघे पुढच्या फळीला टेकले.

"तुला माहीत होतं," मी म्हणाले.

"हो."

"मग पाळकाला हात का दिलास?"

"त्यांनी मला जेवायला थांबता येईल असं केलं. मला थांबायचंच होतं."

"नाव येणार नाही माहीत असून तू आलास कशाला? बायकोला, पोराला घेऊन? एवढ्या गावासमोर उभं राहायला?"

मार्तोननं माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली, कारण ती कागदावर नुसतीच घासत होती.

"तू होतीस ना आई," तो म्हणाला.

मग मला रडू आलं. मयताच्या दिवशी आलं नव्हतं ते, आणि त्याआधीचंही, सगळं. चर्चमध्ये, मतांच्या मधोमध, तोंड उघडून. समोरच्या दोघी वळून बघत होत्या, बघू दे. कागद भिजला. इलकानं मला तिचा रुमाल दिला आणि मग पेन्सिल परत माझ्या हातात देऊन खूण कुठे करायची ते दाखवलं, जे करायची परवानगी नसते.

निकाल देझोनंच वाचला, मुख्य पंच म्हणून. मला काही ऐकू आलं नाही. इलकानं सांगितलं, "राहिला गं, राहिला." लोक गीताला उभे राहिले. मार्तोननं माझा हात धरून ठेवला होता, आणि आम्ही दोघं तसेच बसून राहिलो.